शब्दचर्चा: ‘संशयित’ बाईत ‘गुंतलेला’ पोलीस, कसं लिहायचं हे मराठीत?

आमचा आठ-दहा जणांचा सिनेमा बघायचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो आणि ज्याच्या घरी बघायचा त्याने आधी चार ओळींची ओळख लिहून पाठवायची असा नियम. यावेळी माझी पाळी. सिनेमा ‘डिसिजन टू लीव्ह’, कोरियन, पार्क चान-वूकचा, २०२२ चा, कान महोत्सवात याच सिनेमासाठी त्याला दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं होतं. गोष्ट थोडक्यात अशी की बुसानमधला एक पोलीस अधिकारी, त्याला रात्री झोप येत नाही, डोंगरावरून पडून मेलेल्या एका माणसाची केस त्याच्याकडे येते आणि त्या माणसाची चिनी बायको, जिच्यावर संशय आहे, तिच्याकडे हा ओढला जातो. (पुढे थोडे स्पॉयलर येतील, शेवट सांगणार नाही.)

मी लिहिलं, ‘संशयित महिलेकडे आकर्षित झालेल्या गुप्तहेराची कथा’. आणि मलाच हसू आलं. हे कोण बोलतं असं? रात्री अकराच्या क्राईम सिरियलमधला आवाज कानात वाजायला लागला. बरं ‘गुप्तहेर’ म्हटलं की शत्रूच्या देशात खोटी दाढी लावून फिरणारा माणूस डोळ्यासमोर येतो, हा तर साधा सरकारी नोकर आहे. ‘संशयित’ पण मला खटकतोय, ‘आकर्षित’ तर नकोच. सुचवा काहीतरी.

प्रतिसाद
गुप्तहेर काढूनच टाका. आपल्याकडे त्याला कोणी डिटेक्टिव्हसुद्धा म्हणत नाही, ‘क्राईम ब्रँचचे साहेब’ म्हणतात, कागदावर ‘तपासी अंमलदार’. तुम्ही सरळ ‘पोलीस अधिकारी’ लिहा. डिटेक्टिव्ह म्हणजे आपल्याकडे लग्नाआधी मुलाची माहिती काढून देणारा, स्टेशनजवळ पाटी असते त्याची.

प्रतिसाद
संशयित बद्दल. मी कोर्टात काम करते म्हणून बोलते. संशयित, आरोपी आणि गुन्हेगार या तीन पायऱ्या आहेत आणि आपण तिन्ही एकाच पायरीवर बसवतो. संशय आहे पण नाव अजून आरोपात नाही तो संशयित, आरोप झाला की आरोपी, आणि कोर्टाने दोषी ठरवलं तरच गुन्हेगार. पेपरमध्ये रोज ‘संशयित आरोपीला अटक’ असं येतं, त्यात मला नेहमी वाटतं की बाबांनो एक काहीतरी ठरवा. अर्थात एफआयआरच्या छापील फॉर्ममध्येच माहीत असलेले, संशयित आणि अनोळखी आरोपी असा एकत्र रकाना असतो, त्यामुळे बातमीदाराला तरी किती बोलणार.

तुमच्या सिनेमातली बाई सुरुवातीला संशयित आहे, आरोपी नाही, तेवढं नीट ठेवा.

प्रतिसाद
संशयित, संशयी, संशयास्पद हा घोळ पण कोणीतरी सोडवा. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डवर परवा ‘संशयी व्यक्ती दिसल्यास वॉचमनला कळवा’ लिहिलं होतं. संशयी म्हणजे जो संशय घेतो तो. त्या हिशोबाने आमच्या मजल्यावरचे अर्धे लोक वॉचमनकडे जमा करावे लागतील.

प्रतिसाद
हाहा. पण गंमत म्हणजे संस्कृतात ‘संशयित’ला दोन्ही अर्थ आहेत, ज्याच्याबद्दल शंका आहे तो पण, आणि जो स्वतः शंकेत पडलाय, ज्याचं काही ठरत नाहीये तोही. मराठीने पहिला तेवढा उचलला. कोविडच्या वेळी ‘संशयित रुग्ण’ ऐकून ऐकून तो अजूनच घट्ट झाला. तुमच्या सिनेमात मात्र मला वाटतं दोन्ही अर्थांचे दोन संशयित समोरासमोर बसलेत, एक टेबलाच्या या बाजूला, एक त्या.

धागाकर्ती
वा, हे मला माहीत नव्हतं! आणि टेबलाचं बोललात म्हणून सांगते, सिनेमातला माझा सगळ्यात आवडता सीन टेबलाचाच आहे. चौकशीची खोली, हा तिच्यासाठी चांगल्यातली महागडी सुशी मागवतो, दोघं समोरासमोर बसून गुपचूप जेवतात, आणि जेवण झाल्यावर दोघं मिळून टेबल आवरायला लागतात. हा डबे गोळा करतो, ती पुसून घेते, कोणी कोणाला काही सांगत नाही, एकाचा हात उचलला की दुसऱ्याचा तिथे येतो, वीस वर्षं एका घरात राहिल्यासारखे. प्रेमाचा एक शब्द नाही हां त्यात.

सिनेमा शब्दांवरच चाललाय असं म्हटलं तरी चालेल. तिला कोरियन पूर्ण येत नाही, टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिका बघून शिकलेली, त्यामुळे मध्येच जुना भारदस्त शब्द टाकते. सुरुवातीला नवऱ्याबद्दल सांगताना ती ‘माचिम्ने’ हा शब्द वापरते. म्हणजे शेवटी, अखेर. तो डोंगरावर गेला की परत येईपर्यंत काळजी वाटायची, माचिम्ने मरतो की काय. पोलिसांचे कान तिथेच टवकारतात. याला मराठीत काय करायचं, ‘शेवटी मरतो की काय’? त्यात काहीच संशय येत नाही.

प्रतिसाद
एकदाचा!! ‘वाटायचं एकदाचा मरतो की काय.’ झालं काम. मराठी माणसाने हे ऐकलं तर तिथल्या तिथे अटक करेल. ‘एकदाची लाईट आली’, ‘एकदाचे पाहुणे गेले’. ज्याची वाट बघून जीव मेटाकुटीला आलाय त्यालाच एकदाचं लागतं.

प्रतिसाद
एकदाचा भारी आहे पण फारच उघडा आहे, तिथे केसच संपली. शिवाय मालिका बघून शिकलेली बाई असं बोलणार नाही, एकदाचा हा स्वयंपाकघरातला शब्द आहे, तो घरात राहून येतो. आपल्या ऐतिहासिक मालिका बघून मराठी शिकलेल्या माणसाची कल्पना करा, तो ‘अखेरीस’ म्हणेल, ‘अंती’ म्हणेल. ‘अंती मृत्यू पावतील की काय अशी चिंता वाटे.’ याने पोलीस चमकतील, पण पकडता येणार नाही, कारण परकी बाई आहे, चुकलं असेल. मजा त्या ‘चुकलं असेल’ मध्ये आहे ना.

धागाकर्ती
दोन्ही पटतंय, काय करू. आता अजून एक घ्या. पुढे तो तिला सांगतो की मी असा अभिमानाने नोकरी करणारा पोलीस होतो आणि एका बाईच्या नादी लागून तपासाची वाट लावली, आणि स्वतःबद्दल शब्द वापरतो ‘बुंगग्वे’. हा शब्द इमारत पडते, धरण फुटून पडतं, त्याला वापरतात. तिला तो येत नसतो, तर ती नंतर शब्दकोशात शोधते. म्हणजे तो समोर उद्ध्वस्त उभा होता तेव्हा तिला ते कळलंच नव्हतं, अर्थ घरी जाऊन कळला. मला त्या जागी फार भरून आलं होतं. कोसळणे लिहू का?

प्रतिसाद
कोसळणे नको. कोसळतो तो बाजार, पाऊस, दरड. एका झटक्यात आणि मोठा आवाज करून. शिवाय ‘ही बातमी ऐकून तो कोसळला’ इतक्या वेळा वाचलंय की त्यात जीव राहिला नाही. ‘उन्मळून पडला’ झाडाचं, ते मुळासकट. ‘खचला’ जमिनीचं, वरून सगळं ठीक दिसतं आणि आतली माती निघून गेलेली असते, हे जवळ जातंय पण ‘खचलो’ रोज वापरतो आपण, परीक्षेत नापास झाला तरी खचतो. माझं मत ‘ढासळलो’ला. ढासळतो तो बुरूज. एकेक दगड निखळत जातो, आणि ज्याने बांधला त्याला कळत असतं. ‘तब्येत ढासळली’ म्हणतो पण ‘मी ढासळलो’ असं स्वतःबद्दल कोणी म्हणत नाही, त्यामुळे ऐकणारा थबकेल, शब्दकोश काढावासा वाटेल. ‘पार ढासळलो मी.’

प्रतिसाद
+१ ढासळलो

प्रतिसाद
मी पुण्यात तीन वर्षं कोरियन शिकले, भाषा अर्धवट राहिली पण हा सिनेमा तीनदा बघितला. तुम्ही सगळ्यात कठीण जागा विसरलात, मांजराची. ती मांजराशी चिनीत बोलते की मला काही आणून द्यायचंच असेल तर त्या पोलिसाचं ‘शिन’ आणून दे. हा लपून ऐकत असतो आणि फोनमधलं भाषांतराचं ॲप कोरियनमध्ये सांगतं ‘शिमजांग’. शिमजांग म्हणजे छातीतला अवयव. डॉक्टरचा. म्हणजे ज्या बाईवर खुनाचा संशय ती याचं हृदय काढून आण म्हणतेय! नंतर कधीतरी ती दुरुस्त करते की शिमजांग नव्हे, ‘माउम’. माउम म्हणजे मन. हे मराठीत बसवून दाखवा.

प्रतिसाद
‘हृदय’ आणि ‘मन’. सोपं आहे की.

प्रतिसाद
सोपं नाही हो. मराठीत ‘हृदय’ कविता आणि कार्डिऑलॉजिस्ट दोघांनी वाटून घेतलंय, ‘हृदय आणून दे’ म्हटलं तर कोणी घाबरणार नाही, व्हॅलेंटाईनचं कार्ड वाटेल. घाबरायला पाहिजे ना. इथे काळीज पाहिजे, ‘त्याचं काळीज काढून आण’. अंगावर काटा येतो की नाही? आणि काळीज मुळात हृदय नाहीच, यकृत आहे, खाटकाकडे आपण कलेजी मागतो तीच. पण मराठीने प्रेम, भीती, दया सगळं त्यातच भरलं, काळजाचा ठोका चुकतो (लिव्हरचा कसला ठोका!), काळजाचं पाणी होतं, लेक काळजाचा तुकडा असते. म्हणजे एकच शब्द खाटकाच्या ठोकळ्यावर पण आहे आणि आईच्या तोंडी पण. चिनीतल्या त्या शब्दाला दोन्ही अर्थ होते म्हणूनच ॲप फसलं ना, मराठीत काळीजच त्याच्या जवळ जातं.

प्रतिसाद
पण मग दुरुस्ती कशी करणार? ‘काळीज नाही, मन म्हणाले होते मी.’ हे चालतंय की. उलट छान वाटतंय.

प्रतिसाद
कोर्टवाली परत. मघापासून मला ‘कबुली’ हा शब्द खुणावतोय. गुन्ह्याची पण कबुली आणि प्रेमाची पण, दुसऱ्या कुठल्या शब्दाला हे जमतं? आणि आपल्या कायद्यात पोलिसासमोर दिलेली कबुली सिद्ध करता येत नाही, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून नवीन अधिनियमात ते २३ झालं. मॅजिस्ट्रेटसमोर द्यावी लागते. आता पोलिसानेच कबुली दिली तर काय करायचं ते कलमात नाही 😀

धागाकर्ती
अहो तुम्ही बघितलाय की काय आधी! हेच आहे सिनेमात. तो तिच्याविरुद्धचा पुरावा असलेला फोन तिलाच देतो आणि समुद्रात खोल टाकून दे म्हणतो, कोणालाही सापडता कामा नये असं. तिच्या लेखी तीच प्रेमाची कबुली. पुढे ती ते बोलून दाखवते तर हा विचारतो मी कधी म्हणालो प्रेम आहे म्हणून? त्याने तो शब्द एकदाही वापरलेला नसतो. दोघांचं भांडण खरं तर शब्दार्थाचं आहे, इथे धागा काढायला पाहिजे होता त्यांनी.

बरं, आता ‘आकर्षित’चं सांगते, ते सुटलं. काल रात्री परत लावला होता, आई सोफ्यावर लसूण सोलत बसलेली, तिला सबटायटल वाचायचा कंटाळा, नुसती चित्रं बघत होती. तो टेबल पुसायचा सीन आला आणि ती लसणाकडे बघतच म्हणाली, ‘गुंतला गं हा बाबा.’ मी पॉज केलं. तिला कथा माहीत नाही, ती बाई कोण, नवरा कसा मेला, काही नाही. मग मला क्लिक झालं की गुन्ह्यातही माणूस गुंततो, ‘या प्रकरणात आणखी तिघे गुंतल्याचा संशय’ असं छापून येतं, आणि बाईतही गुंततो. दोरा गुंततो तसा, ओढलं की अजून गाठ बसते. आकर्षित होणारा लांब उभा असतो, गुंतलेल्याला सुटता येत नाही.

प्रतिसाद
आईंना नमस्कार सांगा. ‘पाळत’ पण असाच आहे बघा, ‘माग काढणे’, ‘झोप उडणे’. त्याला झोप येत नाही म्हणून तो रात्रीची पाळत ठेवत बसतो ना? प्रेमात पडलेले कॉलेजातले पोरगे पण हेच करतात, पगार मिळत नाही एवढाच फरक.

प्रतिसाद
अवांतर: नावाचं मराठी काय करणार? ‘सोडून जायचा निर्णय’ बँकेतल्या राजीनाम्यासारखं वाटतं.

प्रतिसाद (कोरियनवाली)
मूळ नावात ‘सोडून’ नाहीच. ‘हेओजिल ग्योलशिम’, हेओजिदा म्हणजे दोघं एकमेकांपासून वेगळे होणं, कोणी एकाने कोणाला टाकून जाणं नाही. आणि ग्योलशिम हा निर्णयापेक्षा निश्चय, मनाशी केलेला. त्यातल्या ‘शिम’मध्येही तेच चिनी मन/काळीज बसलेलं आहे.

धागाकर्ती
मग ‘ताटातुटीचा निश्चय’? नको, नाटकाचं नाव वाटतं, तीन अंकी. नाव इंग्रजीच ठेवते. शेवटी जे पाठवलं ते असं:

‘डोंगरावरून पडून एक माणूस मेला. तपास करणाऱ्या पोलिसाला झोप येत नाही, आणि ज्या बायकोवर संशय आहे तिला भाषा नीट येत नाही. चौकशी करता करता तो तिच्यात गुंतत जातो. शनिवारी साडेसात, येताना आपापली उशी आणा, सिनेमा १३८ मिनिटांचा आहे.’

ग्रुपवर पहिला रिप्लाय आला, ‘एकदाचा कोरियन लावला कोणीतरी’.