मदत हवी आहे: घोडी फार सुटलीय, कोणतं गवत घालू?

लगाम_सैल: घोडी फार सुटलीय. खुराक बंद केला तरी फरक नाही. कोणतं गवत घालू तेवढं सांगा. 'डॉक्टरांना विचारा' नको, ते पुढच्या आठवड्यात येणारच आहेत.

टापटीप: वजन? सध्या काय खाते?

लगाम_सैल: काटा नाही. नेहमीचंच खाते.

टापटीप: 'नेहमीचं' आम्हाला इथून कसं दिसणार? टेप घ्या. छातीचा घेर × घेर × खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ११८८०. अंदाजे किलो मिळतील.

खरारा: लसूणघास घाला. माझा घोडा काय चमकतो त्यावर!

रिकीब: अहो, बारीक करायचीय, चमकवायची नाही. लसूणघासात उष्मांक नि प्रथिनं भरपूर. बी धरल्यावर कापलेलं, जाड काड्यांचं वाळलं गवत बघा. दिसायला भिकार चालेल, धूळ-बुरशी नको.

लगाम_सैल: घेर १७२, लांबी १५०. लसूणघासच देतोय. शिवाय दिवसभर कुरणात असते.

टापटीप: हे आत्ता सांगताय! वजन ३७३ च्या आसपास. रोज वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा, म्हणजे ५.६ किलो; वाळल्या गवतातही थोडा ओलावा असतो, म्हणून गवत सव्वासहा किलो, कुरणातलं धरून. कुरणातलं मोजता येत नाही, म्हणून ते बंद करा, निदान मुसकं तरी घाला.

सांजसकाळ: चार दिवस उपाशी ठेवा, आपोआप उतरेल.

रिकीब: मुळीच नको! जाड जनावर उपाशी राहिलं की अंगातली चरबी रक्तात उतरते, जिवावर बेततं. जठरात व्रण होतात ते वेगळेच. बारीक भोकांच्या जाळीत थोडं थोडं द्या.

खरारा: बरं, गवत तासभर भिजवून पाणी फेकून द्या. साखर उतरते.

टापटीप: हे पटलं. पण वजन भिजवण्याआधी करा. क्षारही पाण्याबरोबर जातात, ते वेगळे द्यावे लागतील. आणि उकाड्यात भिजलेलं गवत लगेच आंबतं.

नवखा_स्वार: माझा घोडा हाडकुळा आहे, त्याला काय घालू?

रिकीब: वेगळा धागा काढा. लगाम_सैल, मानेवरची चरबी टणक लागते का? चालताना पुढचे पाय जपून टाकते?

लगाम_सैल: मान टणक आहे. कडक जमिनीवर जरा जपून चालते, विशेषतः वळताना. नाल टोचत असेल.

रिकीब: खुरांची आतून सूज असू शकते. पुढचा आठवडा विसरा, डॉक्टरांना आत्ताच फोन लावा. तोवर कुरण बंद, पायाखाली मऊ अंथरूण, चालवू नका.

लगाम_सैल: लावतोय.