मदत हवी आहे : सातवीच्या मुलांना प्रवाळांची काळजी घ्यायला कसे शिकवावे?

विज्ञान_बाई :
नमस्कार. पुढच्या आठवड्यात ‘प्रवाळ आणि समुद्राचे संरक्षण’ या विषयासाठी मला सातवीच्या दोन तासिका मिळाल्या आहेत. पोस्टरे, चित्रफिती, घोषवाक्य स्पर्धा हे सगळे गेल्या वर्षी करून झाले आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. मुले घोषवाक्ये सुरेख लिहितात आणि दुसऱ्या दिवशी होती तशीच वागतात. माहिती नको आहे, ती पुस्तकात आहे. मुलांना पटेल असे काय करता येईल, तेवढेच सांगावे. कृपया लवकर.

खाडीकाठ :
बाई, आपली शाळा कोठे आहे, वर्गात मुले किती आहेत आणि समुद्र किती लांब आहे, हे कळल्याशिवाय काय सांगणार? परभणीच्या मुलांना जे सांगायचे, ते देवगडच्या मुलांना सांगून चालणार नाही. शिवाय ‘होती तशीच वागतात’ म्हणजे नेमके काय करतात, तेही लिहावे.

निवृत्त_रसायन :
सोपा उपाय सांगतो. काचेच्या पेल्यात व्हिनेगर घ्यावे आणि त्यात शिंपला टाकावा. बुडबुडे येऊ लागतात, कारण शिंपला आणि प्रवाळाचा सांगाडा हे दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळल्याने समुद्राचे काय होत आहे, ते मुलांना डोळ्यांनी दिसते. मी पंचवीस वर्षे हा प्रयोग केला आणि एकही वर्ग कंटाळला नाही.

ठाणेकर_पालक :
मुलांना ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात घेऊन जावे. आमच्या मुलीला ते फार आवडले होते. तिथे रोहित पक्षीही दिसतात.

ओहोटीची_वाट :
निवृत्त_रसायन यांच्याविषयी आदर राखून सांगते की, या प्रयोगाने मुलांचा गैरसमज होतो. व्हिनेगरचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा, सातच्या खाली आम्ल आणि वर अल्क) तीनच्या आसपास असतो आणि समुद्राचा आठच्या थोडा वर, म्हणजे समुद्र आजही अल्कधर्मीच आहे. त्याचे आम्ल झालेले नाही. त्याचा अल्कधर्मीपणा कमी होत आहे आणि त्यामुळे प्रवाळांना सांगाडा बांधणे जड जात आहे. बुडबुडे पाहिलेले मूल घरी जाऊन ‘समुद्रात आता सगळे विरघळते’ असे सांगते, आणि रोज समुद्रात जाणारा बाप हसतो.

निवृत्त_रसायन :
शाळेतला प्रत्येक प्रयोग प्रमाणाबाहेर मोठा करूनच दाखवावा लागतो. ‘हे फार वेगाने घडवलेले आहे’ असे एक वाक्य शिक्षकाने बोलले की पुरे.

विज्ञान_बाई :
व्हिनेगर आणि ऐरोली दोन्ही राहू द्या. आमची शाळा मालवण तालुक्यात आहे, मला वाटले ते लक्षात आले असेल. वर्गात चौतीस मुले आहेत आणि निम्म्यांच्या घरी मासेमारीची किंवा पर्यटकांना स्नॉर्कलिंगला नेणारी होडी आहे. मुले सुट्टीत वडिलांबरोबर जातात, पर्यटकांना पावाचे तुकडे देऊन मासे जमवून दाखवतात आणि दमलेल्या पर्यटकाला प्रवाळावर उभे राहू देतात. गेल्या वर्षी मी नांगरामुळे प्रवाळ मोडतात असे शिकवत असताना मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहून म्हणाला, “बाई, मगे माज्या बापाशीन नांगर खंय टाकूचो?” सगळा वर्ग हसला आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. मी अडले आहे ते तिथे.

मंगळाची_दशा :
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. अंगठीतले पोवळे वापरणे आता बेकायदा आहे का? ज्योतिषांनी सुचवले आहे.

खाडीकाठ :
अंगठीतले लाल पोवळे बहुधा भूमध्य समुद्रातल्या वेगळ्या जातीचे असते आणि ती जात खडक बांधत नाही. आपल्या समुद्रातल्या खडक बांधणाऱ्या प्रवाळांना मात्र २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते वाघाच्या पंक्तीत बसतात. बाई, वर्गात दाखवायला किनाऱ्यावरून मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलून आणू नये. आणि मुलांना कायदाच सांगावा, हे माझे स्पष्ट मत आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, तरी तिथल्या मुलांना त्याची हद्द ठाऊक नसते.

तांडेल_निवृत्त :
हद्द ठाऊक नसते हे म्हणणे चुकीचे आहे. अभयारण्याचे नाव काढले की मच्छीमाराच्या घरात पहिला प्रश्न ‘आमची मासेमारी बंद होणार का’ हाच असतो, आणि ही तक्रार ते जाहीर झाले तेव्हापासूनची आहे. बाईंनी वर्गात कायद्यापासून सुरुवात केली, तर मूल संध्याकाळी घरी सांगेल आणि दुसऱ्या दिवशी बाप शाळेत येईल.

त्या मुलाचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला उत्तरही आहे. नांगर वाळूत टाकावा किंवा कायमच्या बोयाला, म्हणजे तळाशी पक्क्या बांधलेल्या तरंगत्या पिंपाला, दोर बांधावा. चार होड्यांनी मिळून एक बोया ठेवला तर प्रत्येकाचा नांगर वाचतो आणि अडकलेला दोर कापावा लागत नाही. वाळू कोठे आणि खडक कोठे, हे तुमच्यापेक्षा त्याच्या बापाला चांगले माहीत आहे. त्यालाच एका तासिकेला बोलवावे आणि फळ्यावर किल्ल्याभोवतीच्या समुद्राचा तळ काढायला सांगावा.

उष्ण_समुद्र :
आपण सगळे किरकोळ गोष्टींवर वाद घालत आहोत. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये पाणी तापल्याने प्रवाळ पांढरे पडले, तिथे कोणाचा नांगर होता? प्रवाळाच्या शरीरात राहून त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले पाणी तापले की बाहेर पडतात, आणि उष्णता टिकली तर प्रवाळ उपाशी मरतो. मुलांना हे सांगायचे सोडून बोया कसला शिकवता?

ओहोटीची_वाट :
पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, पाणी वेळेत निवले तर तो सावरतो. पण आधीच मोडलेला आणि गाळाने झाकलेला असेल तर सावरणे कठीण होते. म्हणून बोयाही शिकवायचा आणि तापमानही. बारा वर्षांच्या मुलाला फक्त तापमान सांगितले, तर त्याच्या हाती करण्यासारखे काहीच उरत नाही.

बाई, एक गोष्ट करून पाहावी. गोल ढेकळासारखा वाढणारा पोरायटीस जातीचा प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटीमीटर वाढतो. मुलांना पट्टीवर आपल्या वयाइतके सेंटीमीटर मोजायला सांगावे. पर्यटक ज्यावर क्षणभर उभा राहतो, ती वीतभरही नसलेली वसाहत त्या मुलाच्याच वयाची असते. वडिलांचे आणि आजोबांचे वयही तसेच मोजून घ्यावे.

विज्ञान_बाई :
पट्टीचे आणि तांडेलांचे, दोन्ही करते. दुसरी तासिका खडकाळ किनाऱ्यावर घ्यावी असे आता वाटते आहे. पौर्णिमेला ओहोटी मोठी असते म्हणून पौर्णिमेचा दिवस धरू का? शाळा साडेदहाला भरते.

तांडेल_निवृत्त :
पौर्णिमेला साडेदहानंतर गेलात तर भरती पाहाल. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला ती सव्वाअकराच्या सुमारास येते आणि ओहोटी पहाटे व संध्याकाळी. दुपारी बाराला ओहोटी हवी असेल तर अष्टमी धरावी लागते, पण तेव्हा भांगाचे, म्हणजे कमी चढउताराचे पाणी असते आणि खडक फारसा उघडा पडत नाही. द्वितीया किंवा तृतीया बरी. भरती दीड ते सव्वादोन, म्हणजे ओहोटी साडेसात ते सव्वाआठ. मुलांना शाळेआधी बोलवावे, छापील वेळापत्रकाशी ताडून घ्यावे आणि पाणी फिरायच्या आत वर यावे.

मंगळाची_दशा :
मग पोवळ्याऐवजी दुसरे कोणते रत्न चालेल?

खाडीकाठ :
त्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा. बाई, किल्ल्याच्या बाजूला जाणार असाल तर वन विभागाला आधी पत्र द्यावे. मोकळ्या किनाऱ्यावरही पालकांची लेखी संमती घ्यावी. उघड्या खडकावर प्रवाळ क्वचितच दिसेल, समुद्रफुले आणि खेकडे दिसतील. मुलांना तसे आधीच सांगावे. उलटवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवायला लावावा.

तांडेल_निवृत्त :
आणि सगळ्यांच्या पायांत बूट हवेत, चपला नकोत. कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात.