‘आरती म्हणणे’ की ‘आरती गाणे’?

प्रश्न (फोंडा) : आमच्या वाड्यावर चवथीला (गणेशचतुर्थीला) घुमटाच्या, म्हणजे कातडे ताणलेल्या मातीच्या तालवाद्याच्या, साथीने आरत्या होतात. यंदाच्या पत्रिकेत ‘आरती गायन’ असे छापले, तेव्हा एका ज्येष्ठांनी ‘आरती म्हणायची असते, गायची नसते’ असा आक्षेप घेतला. आरतीला चाल असते, ताल असतो. मग ‘म्हणणे’ हे क्रियापद तिथे कसे बसते? आणि बोलणे कुठे संपते व गाणे कुठे सुरू होते, हे नुसत्या आवाजावरून सांगता येते का?

उत्तर (म्हापसा) : दोन्ही प्रयोग बरोबर आहेत, पण त्यांचा रोख वेगळा आहे. पाढे, श्लोक, मंत्र, कविता, आरती हे सारे आपण म्हणतो, कारण त्यांचे शब्द आधीच ठरलेले असतात. भाषण मात्र करतो आणि गप्पा मारतो. उलट आलाप किंवा तान कोणी ‘म्हणत’ नाही, कारण तिथे म्हणायला शब्दच नसतात. ‘काय म्हणता?’ हा रोजचा अर्थ बाजूला ठेवला, तर ‘म्हणणे’ हे क्रियापद ठरलेल्या शब्दांकडे बोट दाखवते आणि ‘गाणे’ हे आवाजाच्या वागण्याकडे. म्हणूनच ‘गाणे म्हण’ यात आपल्याला काहीच खटकत नाही.

आवाजाच्या वागण्याबद्दल 2024 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. 55 भाषा बोलणाऱ्या 75 संशोधकांनी आपापल्या भाषेतले एक पारंपरिक गीत गायले, त्याचेच शब्द नुसते म्हटले, त्याविषयी साध्या बोलीत सांगितले आणि त्याची चाल वाद्यावर वाजवली. अशी 300 ध्वनिमुद्रणे तपासण्यात आली. बोलण्याच्या तुलनेत गाण्याची पट्टी उंच, गती संथ आणि स्वर अधिक स्थिर, असे चित्र जगभर दिसले. मात्र लागोपाठच्या दोन स्वरांमधले अंतर गाण्यात आणि बोलण्यात साधारण सारखेच निघाले. गाण्यात आवाज मोठ्या उड्या घेतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात फरक उडीत नसून थांबण्यात आहे. ‘देवा’ हा शब्द हाक म्हणून उच्चारून पाहावा : ‘वा’वर आवाज सरकत जातो, एका जागी ठरत नाही. तोच शब्द आरतीत आला की ‘वा’तला ‘आ’ एका सुरावर धरला जातो आणि घुमटाच्या ठेक्यापर्यंत टिकतो.

‘गोव्याची माणसे गाऊन बोलतात’ असे घाटावरचे लोक म्हणतात, त्याचेही उत्तर यातच आहे. आपल्या बोलण्यात हेल आहे, पण हेलात आवाज चढतो आणि उतरतो. सुरावर बसत नाही. चिनीसारख्या भाषेत तर आवाजाच्या चढउतारावर शब्दाचा अर्थच बदलतो, तरी तिथेही बोलणे आणि गाणे निराळेच राहते.

त्या अभ्यासात नुसते शब्द म्हणण्याच्या नोंदीही जमेस धरल्या, तेव्हा बोलण्यापासून वाद्यसंगीतापर्यंत सलग उतरंड असल्याचे दिसले. रेघ कुठे ओढायची हे मग प्रत्येक समाज आपल्या श्रद्धेने ठरवतो. कुराणाचे पठण कितीही सुरेल असले तरी इस्लामी परंपरा त्याला गाणे म्हणत नाही. आपल्याकडेही ऋग्वेदाच्या ऋचा उदात्त, अनुदात्त, स्वरित हे आवाजाचे चढउतार सांभाळून म्हटल्या जातात, आणि सामवेदाच्या बाबतीत मात्र ‘सामगान’ हाच शब्द रूढ आहे.

पुरवणी (पेडणे) : वरील विवेचनाला देवळातल्या गाऱ्हाण्याची, म्हणजे भाविकासाठी देवापुढे मोठ्याने मांडल्या जाणाऱ्या मागण्याची, जोड द्यावीशी वाटते. गाऱ्हाणे ना बोलतात, ना म्हणतात, ना गातात, ते ‘घालतात’. सुरुवातीची देवतांची नावे आणि मधूनमधून जमावाने द्यायचा ‘व्हय म्हाराजा’ हा होकार ठरलेला असतो. परंतु कोणाचे मागणे, कशासाठी, हे दर वेळी नवे असते. आवाज बोलण्यापेक्षा चढा लागतो, वाक्याचे शेवटचे अक्षर लांबते, तरीही त्याला चाल म्हणता येत नाही.

उत्तर (म्हापसा) : अगदी नेमके उदाहरण. शब्द पुरते ठरलेले नाहीत म्हणून ‘म्हणणे’ जुळत नाही आणि सूर ठरत नाही म्हणून ‘गाणे’ही जुळत नाही. राहिला पत्रिकेचा प्रश्न. घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल), कासाळे (मोठी झांज) घेऊन मंडळी बसणार असतील आणि लोक ऐकायला येणार असतील, तर ‘घुमट आरती गायन’ हे योग्यच आहे. घरच्या माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली) सगळ्यांनी मिळून करायची आरती असेल, तर ‘आरती म्हणणे’ हाच प्रयोग ठेवावा.