फायनल इयरचा प्रोजेक्ट-कोर्स नव्याने बसवायचा आहे, सल्ला हवा

खडूफळा
नमस्कार मंडळी. आमचं कॉलेज नुकतंच स्वायत्त झालंय, त्यामुळे अभ्यासक्रमात हात घालायची मुभा आहे. कॉम्प्युटरच्या सातव्या-आठव्या सेमिस्टरला मिळून सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा एक कोर्स करायचा, थिअरी कमी आणि सगळा भर टीम प्रोजेक्टवर, असं ठरतंय आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. मुलं ७२, चौघांचे १८ गट.

आत्ताची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. ऑगस्टमध्ये सिनॉप्सिस, मग मार्चपर्यंत सामसूम, एप्रिलमध्ये ब्लॅक बुकच्या (प्रोजेक्टच्या छापील अहवालाच्या) बाइंडिंगला रांग. एक्सटर्नल (बाहेरचे परीक्षक) येतात, पीपीटी बघतात, चहा घेतात, सही करतात. ‘फेस रेकग्निशन अटेंडन्स’ दरवर्षी दोन-तीन गट तरी करतातच, आणि आमची हजेरी अजून कागदावर.

विषय कुठून आणायचे? चौघांत कोणी काय केलं ते ओळखून मार्क कसे द्यायचे? आणि बाजारात तयार मिळणाऱ्या प्रोजेक्टांचं काय?

घाटपायथा
मॅडम, असा कोर्स बरीच वर्षं चालवतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

विषय मुलांना सुचवायला सांगूच नका. ग्राहक आणायला सांगा. म्हणजे ज्याला ती गोष्ट खरंच वापरायची आहे असा कॉलेजबाहेरचा माणूस. आमच्याकडे पतसंस्था, तालुक्याचं वाचनालय, द्राक्षबागाईतदारांचा गट, मंगल कार्यालयाचं बुकिंग, असे ग्राहक येऊन गेलेत. मंगल कार्यालयाचा प्रोजेक्ट ऐकायला फुटकळ वाटतो. पण एकाच मुहूर्ताला दोन पार्ट्या, अनामत रक्कम, तारीख बदलली तर परतावा किती, हे सगळं मालकाच्या डोक्यात असतं आणि तो ते सरळ कधीच सांगत नाही. रिक्वायरमेंट म्हणजे काय ते मुलांना तिथे कळतं. तयार प्रोजेक्टाचा प्रश्नही निम्मा तिथेच सुटतो, कारण त्या मालकाचे नियम कुठल्याच दुकानात विकत मिळत नाहीत.

दुसरं, आराखड्यात सेमिस्टर घालवू नका. तिसऱ्या आठवड्यात एक स्क्रीन, त्यामागे सर्व्हर, त्यामागे डेटाबेस, एवढं इंटरनेटवर चालू दिसलं पाहिजे. स्क्रीनवर नुसतं ग्राहकाचं नाव आलं तरी चालेल. पुढे दर दोन आठवड्यांनी त्यात भर.

आणि डेमो मुलांच्या लॅपटॉपवर कधीही घेऊ नका. लॅबमधल्या कोऱ्या मशीनवर मुख्य ब्रँच क्लोन करायची (म्हणजे गटाच्या कोडची मुख्य प्रत उतरवून घ्यायची), रीडमीत, म्हणजे सोबतच्या सूचनांच्या फाइलमध्ये, लिहिलंय तेवढंच करायचं, चाललं तर चाललं. ‘सर, काल रात्री चालत होतं’ हे वाक्य महिन्याभरात ऐकू येईनासं होतं.

आठव्या सेमिस्टरच्या मध्यावर आम्ही आणखी एक करतो. पहिल्या गटाचा कोड दुसऱ्या गटाला द्यायचा आणि एक छोटा बदल सांगायचा, मुदत एक आठवडा. पोरं भयंकर चिडतात. पण ‘व्हेरिएबलला नीट नाव दे’ हे मी वर्षभर ओरडून जे होत नाही ते त्या आठवड्यात होतं.

मागचा_बाक
विद्यार्थ्यांच्या बाजूने लिहितो, पास होऊन फार वर्षं झाली नाहीत. चौघांच्या गटात एक कोड लिहितो, एक पीपीटी करतो, एक ब्लॅक बुक, आणि चौथा चहा पाजतो. चहावाल्याला सगळ्यात जास्त मार्क पडलेले मी पाहिलेत, कारण तो ओरलला छान बोलतो.

‘एकमेकांना मार्क द्या’ म्हणालात तर कँटीनमध्ये तह होणार: सगळ्यांना दहापैकी दहा. त्याऐवजी प्रत्येकाला १०० गुण द्या आणि गटात वाटायला सांगा, सारखे वाटायला बंदी, प्रत्येक आकड्यामागे एक ठोस काम लिहायचं. हे फक्त तुम्ही वाचायचं.

सेमीकोलन
मागचा_बाकशी निम्मा सहमत. सक्तीने असमान वाटायला लावणं मला पटत नाही, चौघं खरंच राबले असतील तर? शिवाय त्या आकड्यांची सरासरी काढून मार्कशीटवर चढवू नका. कुठे शंका घ्यायची ते समजायला त्यांचा उपयोग.

पुण्यात कंपनीत आहे, रोज फ्रेशर बघतो. गिटचा लॉग (कोडमध्ये कोणी कधी काय बदललं त्याची नोंद) बघून मार्क देणार असाल तर सांभाळा. कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, मोजताय हे कळलं की पोरं एकेका स्वल्पविरामाला कमिट करतात. दोघं एका मशीनवर बसून काम करतात तेव्हा नाव एकाचंच लागतं. कमिटच्या मेसेजखाली सहलेखकाची ओळ घालायची सोय आहे, ती पहिल्या दिवशी शिकवा. मोजायचंच असेल तर रिव्ह्यू बघा: दुसऱ्याच्या पुल रिक्वेस्टवर (माझा बदल मुख्य कोडमध्ये घ्या या विनंतीवर) कोणी काय विचारलं आणि त्यामुळे कोड बदलला का.

सगळ्यात खात्रीची तपासणी ओरललाच होते. त्या मुलाच्या नावावरची एखादी फाइल उघडा आणि छोटा बदल समोर करायला सांगा. ‘इथे सवलत दहा टक्क्यांऐवजी सदस्याच्या वर्गानुसार दे.’ पाच मिनिटांत कळतं. एआयकडून लिहून घेतलेल्या कोडलाही हेच औषध, त्यासाठी बंदीबिंदी नको.

कोथिंबीर
चार फार कमी नाहीत का? कंपनीत टीम मोठी असते. आठचे नऊ गट केले तर गाइडचंही काम हलकं होईल.

घाटपायथा
नको. चौघांत आपसातल्या जोड्या ६ होतात, आठांत २८. जोड्या वाढल्या की बोलण्यातच वेळ जातो. हा हिशेब फ्रेड ब्रुक्सने ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात १९७५ मध्येच मांडलाय. वरून पाच विषय आणि प्लेसमेंटची धावपळ. आठांच्या गटात चार चहावाले होतील.

रोजच्या स्टँडअपचं (कोण काय करतंय ते सांगायच्या छोट्या बैठकीचं) नाटकही करू नका. आठवड्यातून दोनदा, उभ्या-उभ्या दहा मिनिटं पुष्कळ.

सातासमुद्रापारची
मी इथे अमेरिकेत अशाच कोर्सला सहायक होते. गट मुलांना पाडू देत नाहीत, शिक्षक पाडतात. पर्ड्यू विद्यापीठाची केटमी नावाची प्रणाली त्यासाठी बरीच वापरली जाते, प्रश्नावली भरून घेऊन गट बनवते. तिच्यातले दोन निकष कागद-पेन्सिलनेही पाळता येतील. एक, मोकळ्या वेळा जुळल्या पाहिजेत. तुमच्याकडे एसटीच्या पासवर अप-डाउन करणारी मुलं आणि हॉस्टेलवाली मुलं असतील; साडेपाचची गाडी पकडणाऱ्याला रात्री अकराच्या मीटिंगला न आल्याबद्दल कामचुकार ठरवणं बरोबर नाही. दोन, एकटी मुलगी गटात टाकू नका. तिच्याकडे आपोआप डॉक्युमेंटेशन येतं.

खडूफळा
सगळ्यांचे आभार, भरभरून लिहिलंत. मंगल कार्यालयाची कल्पना उचलतेच.

दोन अडचणी राहिल्या. एचओडी सरांना एनबीएसाठी (अभ्यासक्रमाच्या मानांकनासाठी) आयईईई ८३० या मानकाच्या साच्यात एसआरएस, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गरजांचा दस्तऐवज, हवंच आहे, दर गटाची फाइल कपाटात दिसली पाहिजे म्हणतात. आणि आठव्या सेमिस्टरला निम्मी मुलं इंटर्नशिपला पुण्या-बंगळुरूला जातात.

सेमीकोलन
सरांना नम्रपणे सांगा, ८३० ची शेवटची आवृत्ती १९९८ ची, २०११ मध्ये तिच्या जागी २९१४८ हे मानक आलं. ऐकलं तर ठीक.

घाटपायथा
ऐकणार नाहीत. भांडू नका. फाइल रिपॉझिटरीतूनच (जिथे गटाचा कोड आणि नोंदी असतात तिथूनच) काढायची: इश्यू (कामांच्या आणि चुकांच्या नोंदी), डेमोची टिपणं, ग्राहकाच्या सह्या, टेस्टचे निकाल. साच्यात ओतायला एक दुपार लागते, आणि वेगळी खोटी फाइल लिहिण्यापेक्षा कपाट जास्त भरतं.

इंटर्नशिपचं मात्र आत्ताच ठरवा. आम्ही मोठं काम सातव्या सेमिस्टरलाच उरकतो. आठव्यात दुरुस्ती, कोडची अदलाबदल आणि हस्तांतर. जाणारा आणि राहणारा अशा जोड्या लावा, सगळे जाणारे एका गटात नकोत. १८ गट एकटीने बघू नका. चार-पाच गाइड लागतील, आणि पहिल्या डेमोला सगळ्यांनी एकच गट बघून आपापले मार्क कागदावर लिहायचे. पहिल्या वर्षी आकडे ताडून बघाल तेव्हा हसाल.

मागचा_बाक
एक राहिलंच. मुलं जूनमध्ये पांगतात. मग ते सॉफ्टवेअर कोण सांभाळणार? आमच्या ग्राहकाचा सर्व्हर बंद पडला तेव्हा आमच्यापैकी कोणी फोन उचलण्याच्या परिस्थितीत नव्हतं.

घाटपायथा
खरंय. म्हणून पतसंस्थेचंही खतावणीचं काम घ्यायचं नाही, फार तर सभासदांना निरोप पाठवायचं. दवाखाना ग्राहक असेल तर रुग्णांची खरी माहिती मुलांच्या लॅपटॉपवर येता कामा नये. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे, पण तो नसता तरी हेच म्हटलं असतं. ग्राहकाला पहिल्या भेटीत लेखी द्यायचं: वापरा, पण वर्षभर तुमचं रजिस्टर बंद करू नका. पुढची बॅच हाच कोड पुढे नेणार असेल तर उत्तम, नव्या मुलांना दुसऱ्याचा जुना कोड वाचायला लागतो. सगळ्याच गटांना दरवर्षी नवा विषय हवा असा हट्ट नको.

खडूफळा
त्या लेखी पत्राचा नमुना मिळेल का?

घाटपायथा
व्यनि केलाय. ग्राहकाचं नाव खोडलंय, बाकी जसंच्या तसं वापरा.