वयाची पाटी वाचतो कोण?

या चर्चेत एका सदस्यांनी मालिका-चित्रपटांबद्दल "वयाचे वर्गीकरण असतेच, पालकच पाहत नाहीत" असे म्हटले आहे. ते अर्धेच खरे वाटते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीवरील (इंटरनेटवरून दाखवल्या जाणाऱ्या) मालिका-चित्रपटांना यू (सर्वांसाठी), यूए ७+, यूए १३+, यूए १६+ (त्या वयाखालच्यांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावे) आणि ए (फक्त प्रौढांसाठी) अशा पायऱ्या दिल्या, यूए १३+ पासून पुढे पालकांच्या हाती कुलूपही ठेवले, आणि सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटांच्या यूए प्रमाणपत्रातही तेच तीन वयोगट आले. पण बेळगाव जिल्ह्यातील खानापुरातल्या आमच्या घरी मालिका सुरू होताना कोपऱ्यात जी पाटी उमटते, ती रोमन अक्षरांत असते आणि आईचा चष्मा सापडेपर्यंत नाहीशी होते. आईला फक्त देवनागरी वाचता येते. कन्नड शाळेत जाणारा नातू पाटी वाचून सांगतो, म्हणजे ज्याच्यासाठी इशारा, तोच दुभाष्या! ब्रिटनच्या चित्रपट वर्गीकरण मंडळाने २०२४ चे निकष ठरवण्यापूर्वी सुमारे १२,००० लोकांची मते घेतली होती. तशी पाहणी आपल्याकडे झालीच, तर बेळगाव-निपाणी पट्ट्यात प्रश्नावली मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत हवी, आणि "हे दृश्य खटकले का?" याच्या आधी "पाटी वाचता आली का?" हे विचारायला हवे.