रेझोनेटर गिटारला कॅपो: जड, हलका, की नकोच?

स्लाइडवेडा (रॅले, नॉर्थ कॅरोलिना)

तीन वर्षं स्क्वेअरनेक रेझोनेटर (मागून चौकोनी नेकची, पोटात धातूचा शंकू असलेली गिटार) वाजवतोय. डोब्रो म्हणा हवं तर, पण ते नाव आता गिब्सनच्या मालकीचं आहे, म्हणून इथे सगळे नुसतं 'रेझो' म्हणतात. वाद्य मांडीवर आडवं, डाव्या हातात स्टीलचा बार, ट्यूनिंग ओपन जी: जाड तारेपासून जी-बी-डी-जी-बी-डी. दर गुरुवारी ब्लूग्रासच्या (अमेरिकी लोकसंगीताचा एक प्रकार) जॅमला, म्हणजे एकत्र वाजवायच्या बैठकीला, जातो. गाणी जी मध्ये, म्हणजे आपल्या पांढरी पाचमध्ये, असतात तोवर मी राजा. कुणी गायक "बी मध्ये घेऊ या" म्हणाला की माझा निम्मा माल दुकानातच राहतो.

मग कॅपो आलाच, म्हणजे सगळ्या मोकळ्या तारा एकदम चढवणारी वस्तू. पण गिटारचा नेहमीचा चिमट्यासारखा कॅपो इथे चालत नाही, हे मी पैसे घालवून शिकलो. तो कॅपो तार फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या रेघांवर) दाबतो. आपल्या वाद्यात तारा पाव इंचाहून जास्त उंच असतात, फ्रेट नुसत्या खुणेपुरत्या, आणि मागून नेक चौकोनी. दाबणार कुठे? रेझोचा कॅपो तारांनाच धरतो: एक पट्टी खालून, एक वरून, मध्ये तारा, आणि कडेचा स्क्रू किंवा खटका आवळायचा. तो नेकला टेकत नाही. थोडक्यात, तो सरकता नट आहे (नट म्हणजे नेकच्या टोकाला तारा जिथे टेकतात ती पट्टी).

माझं ठाम मत: घ्यायचा तर जड घ्या. पितळेचा किंवा स्टीलचा. माझ्याकडे आधी एक हलका होता. ऐन गाण्यात बारचा धक्का लागला, तो सुटला आणि कव्हरप्लेटवर (वाद्याच्या पोटावरच्या धातूच्या झाकणावर) खणकन आदळला. बँजोवाला अजून चिडवतो. आता पितळेचा घेतलाय. मोकळ्या, म्हणजे बार न ठेवता छेडलेल्या, तारेला जी आस मिळते ती हलक्यात कधी ऐकलीच नव्हती.

तुमचे अनुभव?

---

गिरगावकर_जुने

तुमचा धागा वाचून गंमत वाटली. मी १९७२ पासून हवाईयन गिटार वाजवतो. व्हॅन शिपली, हजारा सिंग यांच्या रेकॉर्डी झिजेपर्यंत ऐकून बसवल्या. ऑर्केस्ट्रात गायिका काळी दोन म्हणायची, पुढचा गायक काळी चार. तारेवर बार ठेवला की ती पट्टी आपली. कॅपो नावाची वस्तू मी पहिल्यांदा स्पॅनिश गिटारवाल्यांकडे पाहिली.

बार हाच कॅपो आहे हो! तोसुद्धा हवा तेव्हा हवा तिथे जाणारा. बी म्हणजे तुमच्या ट्यूनिंगला चौथा फ्रेट. ठेवा बार चारवर, झालं बी. मग दुसरं लोखंड कशाला? अजून एक सांगतो. कॅपो दोनवर लावा नाहीतर लावू नका, ए मध्ये वाजवताना ए दोनवरच आहे, डी सातवरच, ई नववरच. बारच्या जागा तसूभर बदलत नाहीत. म्हणजे कॅपोने तुम्हाला दिलं काय?

---

स्लाइडवेडा

काका, जागा बदलत नाहीत हे शंभर टक्के खरं. मला हे कळायला वर्ष गेलं, तुम्ही दोन ओळींत सांगितलंत. कॅपोने बदलतात त्या *मोकळ्या* तारा, आणि ब्लूग्रास त्यांच्यावरच उभं आहे. डोब्रोवादक जॉश ग्रेव्ह्ज १९५५ मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्जच्या ब्लूग्रास बँडमध्ये आले आणि त्यांनी अर्ल स्क्रग्जचा बँजोवरचा तीन बोटांचा रोल (बोटं आलटून पालटून तारा छेडण्याची पद्धत) डोब्रोवर आणला. त्या रोलमध्ये एक सूर बारखाली, पुढचा मोकळा, मग बारने ठोकून उचललेला, पुन्हा मोकळा. वेग या मोकळ्या तारांमुळे मिळतो. बार चारवर धरून ठेवला तर मोकळी तार उरतच नाही.

बरं, बार उचलून जी, बी, डी तशाच वाजवाव्यात, तर बी च्या पट्टीत जी हा कोमल धैवत आणि डी कोमल गंधार. हसऱ्या गाण्यात ते वाजले की सगळे माझ्याकडे बघतात.

---

गिरगावकर_जुने

मोकळी तार तुम्हाला लागते कारण तुम्ही ठोकता. आम्ही ओढतो. मींड, घसीट, एका तारेवर अख्खा मुखडा. विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेला (गिटारवरून घडवलेली, तीही बारने वाजते) कुठे कॅपो असतो?

---

तरफ_आणि_चिकारी

मोहनवीणेचा दाखला इथे नको. मी तीच वीणा शिकतोय, आणि तिला कॅपो न लावण्याचं कारण शुद्धतेचं नाहीच. तिथे चिकारी (षड्ज धरणाऱ्या बाजूच्या तारा) आहे, खाली तरफांच्या (आपोआप गुंजणाऱ्या) तारा रागाप्रमाणे लावलेल्या. कॅपोने वरच्या तारा दोन सूर चढवल्या तर तरफा खालीच राहतील आणि सगळं कणसूर बोलेल. शिवाय आम्ही एक षड्ज धरून तास-दीड तास बसतो. जॅममध्ये दर चार मिनिटांनी षड्ज बदलतो. गरजच वेगळी. डोब्रोवादक जेरी डग्लस आणि भट्ट यांनी १९९५ मध्ये बासवादक एडगर मेयरसोबत अल्बम केलाय, तो ऐका. डग्लस आणि भट्ट दोघांच्या हातात स्लाइड (तारेवर घसरणारा बार), पण विचार दोन टोकांचे.

एक मात्र मान्य: पेटीवाल्याने स्केलचेंज पेटी घेतली म्हणून त्याला कुणी आळशी म्हणत नाही. कळपाट सरकवलं की बोटं तीच, पट्टी नवी. कॅपो म्हणजे तेच.

---

बाटलीबाज (पुणे)

माझा राउंडनेक रेझो आहे, मागून गोल नेकचा, साध्या गिटारसारखा धरायचा. करंगळीत स्लाइड म्हणून काचेची नळी. मी साधा कॅपो लावतो, काही अडत नाही. उगाच खास कॅपोवर खर्च का?

---

मिलीमीटर

@बाटलीबाज, कारण तुमच्या वाद्यात तार फ्रेटपर्यंत दाबता येते. दोन वाद्यं वेगळी, प्रश्नही वेगळे. मात्र तुम्हालाही एक जाणवलं असेल: कॅपो लावला की नळी फ्रेटवर खडखडायला लागते. कॅपो तार फ्रेटच्या उंचीवर आणून ठेवतो, नट त्याहून उंच असतो. स्लाइडसाठी तारा मुद्दाम उंच ठेवलेल्या असतील तर त्यातली थोडी उंची कॅपो खातो.

आता मूळ धाग्याकडे. "जड घ्या" याला माझा विरोध.

बार तारेवर ठेवलात की थरथरणारी लांबी बारपासून घोडीपर्यंत (ब्रिजपर्यंत). बारच्या मागे कॅपो पितळेचा आहे की प्लॅस्टिकचा, त्या सुराला पत्ताही लागत नाही. तो मागचा तुकडा तुम्ही डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी दाबूनच ठेवता. म्हणजे कॅपोचा आवाज फक्त मोकळ्या तारेत. आणि जड कॅपोचा तोटा सततचा: तो नेकवर नाही, तारांवर बसलाय. त्याचं ओझं तारांवर. स्क्रूचं बोंडूक एका बाजूला असेल तर त्या बाजूच्या तारा जास्त खाली जातात आणि नेमक्या त्याच चढतात.

वजन सोडा, पकड बघा. साधारण संचात पहिली तार ०.०१६ इंच, सहावी ०.०५६. साडेतीन पट फरक. दोन सरळ पट्ट्यांमध्ये हे धरलं तर जाड तारा घट्ट आणि बारीक तारा सैल. तुमचा कॅपो उडाला तो हलका म्हणून नाही, बारीक तारा त्याच्या हातातच नव्हत्या म्हणून. स्क्वेअरनेकवर तारांचे *माथे* एका पातळीत असतात, बार सपाट बसावा म्हणून. तेव्हा वरची पट्टी कडक आणि सरळ, खालची मऊ रबराची किंवा तारेच्या जाडीप्रमाणे जुळवता येणारी, असा कॅपो शोधा.

---

स्लाइडवेडा

पकडीचं पटलं. जुना कॅपो आत्ता काढून बघितला: खाली-वर दोन्हीकडे सरळ धातू. पहिल्या दोन तारा मध्ये लोंबकळतायत.

पण "फक्त मोकळ्या तारेत फरक" हे तुम्ही असं म्हणताय जणू ती किरकोळ गोष्ट आहे. साहेब, मी कॅपो लावतोच मोकळ्या तारांसाठी! त्या मिणमिणत्या वाजल्या तर लावून उपयोग काय? बारखालचा सूर भरघोस आणि शेजारचा मोकळा सूर रबर लावल्यासारखा, हे रोलमध्ये फार बोचतं. वजन मी सोडणार नाही.

---

मिलीमीटर

मग वजन दोन्ही बाजूंना सारखं वाटलेलं असू दे. एवढ्यावर मी गप्प.

(गप्प बसण्याआधी एक: गिटारवाले फ्रेटच्या *मागे* कॅपो लावतात, तीच सवय इथे घेऊन येऊ नका. तार फ्रेटला टेकत नाही, त्यामुळे धार बरोबर फ्रेटच्या रेषेवर हवी. अर्धा सेंटिमीटर मागे राहिला तर मोकळ्या तारा उतरलेल्या आणि बार मात्र सुरात. लोक मग चाव्या पिळतात, आणि कॅपो काढला की सगळं वाद्य चढलेलं.)

---

बाटलीबाज

हे माझ्या एका मित्राचं झालंय. वर्षभर वाद्याला शिव्या देत होता.

---

आईची_पेटी (न्यू जर्सी)

मी गाते, वाजवत नाही, तरी नाक खुपसते. वादकांनी कॅपो लावावा का, यावर एवढा खल आणि गायिकेचं कुणी काढतच नाही. मला काळी दोन लागते. जॅममध्ये सांगितलं की डोब्रोवाला कपाळाला हात लावतो. त्याला आठव्या फ्रेटवर कॅपो लावायला सांगू का?

---

स्लाइडवेडा

नका, नका! २५ इंचाची तार दोनवर कॅपो लावला की साधारण २२.३ इंच उरते, चारवर १९.८. आठवर गेलात तर जेमतेम पावणेसोळा. फ्रेटमधली अंतरंही आखडतात: मोकळ्या वाद्यात पहिला अर्धा सूर १.४ इंचावर, चारच्या कॅपोनंतर १.१ वर. बार केसभर हलला तरी बेसूर. मी पाचच्या पुढे जात नाही, पाचलाही क्वचितच.

काळी दोन म्हणजे ई फ्लॅट. कॅपो *एकवर* लावायचा आणि डी मध्ये असल्यासारखं वाजवायचं. ओपन जी मध्ये डी ला कॅपोशिवाय छान वाजवता येतं, कारण मोकळ्या तारा म, ध आणि सा होतात. तेच सगळं अर्धा सूर वर. ई लागली तर कॅपो दोनवर, एफ लागली तर तीनवर, बोटं डी चीच. त्याला सांगा, कपाळावरचा हात खाली येईल.

---

गिरगावकर_जुने

हे डी चं बरं सांगितलंत. पण बघा, कॅपोची बाजू मांडताना तुम्ही स्वतःच कबूल केलंत की डी ला कॅपो लागत नाही. सी लासुद्धा लागत नसणार: मोकळ्या तारा प, नी, रे. मग ए मध्ये काय वाईट आहे? बी म्हणजे रे, डी म्हणजे म, जी म्हणजे कोमल नी. तुमच्या त्या ब्लूजमध्ये कोमल नी तर चालतोच. एवढं मनात मांडलं तर निम्म्या वेळा कॅपो खिशातच राहील.

---

तरफ_आणि_चिकारी

काका, निम्म्या वेळा म्हणालात. उरलेल्या निम्म्या वेळा तो खिशात असायला हवा ना?

---

गिरगावकर_जुने

शब्दात पकडू नका.

बरं, माझा नातू डॅलसला असतो, दिवाळीला येणार आहे. ती दोन पट्ट्यांची वस्तू माझ्या जुन्या हवाईयन गिटारवर बसते का? तारा उंच आहेत, नटवर लोखंडी पट्टी चढवून घेतलेली, पण नेक गोल. विकत घेणार नाही. नुसती बघायची आहे.

---

मिलीमीटर

बसेल, नेकशी त्याचा संबंधच नाही. फक्त दोन मापं नातवाला कळवा: पहिल्या तारेपासून सहावीपर्यंतची रुंदी, दुसऱ्या आणि चौथ्या फ्रेटवर. आणि तारेखाली बोर्डापर्यंत किती जागा आहे ते. खालची पट्टी त्या फटीत मावली पाहिजे.

---

गिरगावकर_जुने

मोजपट्टी घेऊन बसलोय. चष्मा सापडला की कळवतो.