वजनाचं औषध चालू असताना सफरचंदाचं व्हिनेगर घेतलंत का? अनुभव लिहा

निळाई:
अडीच महिन्यांपासून मी सेमाग्लुटाइडचं आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन घेते आहे. ०.२५ मिलिग्रॅमचे पहिले चार आठवडे सुखात गेले. ०.५ वर गेले त्याच सुमारास एका मैत्रिणीने सांगितलं म्हणून सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर सुरू केलं. आठवड्याभरात अशी गत झाली की रात्रीचं जेवण सकाळीसुद्धा पोटात तसंच बसलंय असं वाटायचं. करपट ढेकर, घशाशी आंबट, पाण्याचा घोट घेतला तरी उमासे. नवा डोस सोसत नाही अशी माझी खात्री झाली. डॉक्टरांना तेच सांगितलं. व्हिनेगरचा विषयच काढला नाही, कारण ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असं मनातही आलं नाही. त्यांनी पुढचा डोस लांबवला.

नंतर बाटली संपली, नवी आणायची राहून गेली, आणि पाच-सहा दिवसांत पोट हलकं झालं. इंजेक्शन तेच, डोस तोच. मी अर्धीच माहिती दिली आणि डॉक्टरांनी त्यावर निर्णय घेतला, हे मला फार लागलंय. म्हणून हा धागा.

कोणतं औषध, कितवा डोस, व्हिनेगर किती आणि कधी, पुढे काय झालं, एवढं लिहा. काहीच त्रास झाला नसेल तर तेही लिहा, तेही तितकंच कामाचं आहे.

साधा_माणूस:
टिर्झेपाटाइडचं इंजेक्शन, ५ मिलिग्रॅम, चौथा महिना. व्हिनेगर घेतो, पण पीत नाही. दुपारच्या जेवणात सॅलडवर एक चमचा, तेलात फेटून. मला कसलाही त्रास नाही. वजन अकरा किलो उतरलं, पण त्यातलं व्हिनेगरमुळे किती हे मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. भूक गेली ती पहिल्या इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी. व्हिनेगर तर त्याआधी चार वर्षं खात होतो, तेव्हा काटा हलला नव्हता.

औषधवाली:
मी फार्मासिस्ट आहे. निळाई, तुझं पोट तुला खरंच सांगत होतं. ही इंजेक्शनं भूक कमी करतात आणि जठरातलं अन्न पुढे सरकण्याचा वेगही कमी करतात, विशेषतः सुरुवातीला आणि डोस वाढला की. व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिडही तेच करू शकतं. स्वीडनमध्ये २००७ साली एक छोटा अभ्यास झाला होता: टाइप १ मधुमेह असलेले आणि मुळातच जठर मंद असलेले १० जण. दोन आठवडे रोज सकाळी ३० मिलि सफरचंदाचं व्हिनेगर पाण्यातून घेतल्यावर त्यांचं जठर आणखी मंदावलं. ते ही इंजेक्शनं घेत नव्हते हे खरं, पण आधीच संथ झालेल्या पोटावर व्हिनेगर टाकलं की काय होतं याची कल्पना त्यावरून येते.

मळमळीचं म्हणाल तर सेमाग्लुटाइडच्या २.४ मिलिग्रॅमच्या मोठ्या चाचणीत शंभरातल्या साधारण ४४ जणांना ती झाली होती, नुसतं खोटं इंजेक्शन मिळालेल्यांत १७ जणांना. आणि व्हिनेगरने भूक मरते म्हणतात त्यातला बराचसा भाग मळमळीचाच असतो, असं दाखवणारा अभ्यासही आहे. मळमळीवर मळमळ चढवून जेवण कमी होणं याला मी फायदा म्हणत नाही. त्यातून उलट्या झाल्या की शरीरातलं पाणी जातं आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

दवबिंदू:
माझं थोडं वेगळं आहे. मी सेमाग्लुटाइडची गोळी घेते, मधुमेहासाठी, वजन हा जोडीचा हेतू. ही गोळी सकाळी रिकाम्या पोटी, १२० मिलिपेक्षा जास्त नाही इतक्या साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. मी दोन महिने ती व्हिनेगरच्या ग्लासभर पाण्याबरोबर गिळत होते. पाणी ते पाणी, असंच वाटलं होतं. शुगर उतरेना, वजन हलेना, गोळी कुचकामी असं मी ठरवून टाकलं. नर्सने सहज विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" तिथे उलगडा झाला. या गोळीतलं औषध मुळात फार थोडं अंगात शिरतं, त्यात पोटात दुसरं काही असलं की तेवढंही जात नाही. आता साधं पाणी आणि घड्याळ. तीन महिन्यांनी शुगरचे आकडे सुधारले.

पाऊलवाट:
ऑर्लिस्टॅट १२० च्या कॅप्सूल, जेवणाबरोबर. व्हिनेगर महिनाभर घेतलं. काही फरक नाही, ना चांगला ना वाईट. ऑर्लिस्टॅटचं काम आतड्यात, जेवणातली चरबी अडवण्याचं. तेलकट शौच व्हायची ती झालीच.

काजवा:
दातांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. इंजेक्शनमुळे जेवण कमी झालं, तोंड कोरडं पडायचं, म्हणून मी बाटलीत पाणी-व्हिनेगर करून दिवसभर घोट घोट पीत राहिले. दोन महिन्यांत दात आंबल्यासारखे झाले ते तसेच राहिले, गार पाणी लागलं की कळ डोक्यात जायची. दंतवैद्यांनी समोरच्या दातांवरचं इनॅमल झिजल्याचं आरशात दाखवलं. झिजलेलं इनॅमल परत येत नाही. मी वर आणखी एक चूक करत होते: आंबट चव जावी म्हणून प्यायल्यावर लगेच ब्रश. आम्लाने मऊ झालेल्या दातावर ब्रश म्हणजे खरवडणंच. साध्या पाण्याने चूळ भरून निदान अर्धा तास थांबा. मी तर पिणंच बंद केलं.

गोधडी:
हे माझ्या नवऱ्याबद्दल आहे, आणि ज्यांना शुगरची किंवा लघवी होण्याची गोळी चालू आहे त्यांनी कृपया वाचा. त्यांना शुगरसाठी ग्लिमेपिराइड होतं, रक्तदाबासाठी लघवीची गोळी होती, त्यात वजनासाठी इंजेक्शन सुरू झालं. त्यांनी रात्री झोपताना व्हिनेगर सुरू केलं, सकाळची शुगर कमी येते असं कुठेतरी वाचून. तिसऱ्या आठवड्यात पहाटे दरदरून घाम, हातपाय थरथरत होते, बोलणं तुटक. मीटरवर शुगर फक्त ५४. साखर दिली, पंधरा मिनिटांत माणूस भानावर आला, पण ती पंधरा मिनिटं मी विसरू शकत नाही. तपासणीत पोटॅशियमही कमी, ३.१ निघालं. डॉक्टर म्हणाले, जेवण निम्मं झालंय, उलट्या होतायत, लघवीची गोळी पोटॅशियम बाहेर काढते, आणि व्हिनेगर जास्त घेतलं तर तेही पोटॅशियम खाली ओढू शकतं. दोष एकट्या व्हिनेगरचा नाही, त्यांनीही तसं म्हटलं नाही. ग्लिमेपिराइडचा डोस इंजेक्शन सुरू करतानाच कमी करायला हवा होता, तो राहून गेला होता. पण सगळं एकाच माणसाच्या अंगात गोळा होत होतं आणि संपूर्ण यादी कुणाकडेच नव्हती, माझ्याकडेसुद्धा नाही.

औषधवाली:
गोधडी, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांनी तर पोटॅशियमच्या बाबतीत जास्तच सांभाळावं.

दोन गोष्टी आणखी. व्हिनेगरच्या गोळ्या निरुपद्रवी समजू नका, अशी गोळी घशात अडकून अन्ननलिका भाजल्याची नोंद आहे. आणि "तीन महिन्यांत सात-आठ किलो" हा आकडा जिथे तिथे फिरतो, तो ज्या लेबनॉनमधल्या अभ्यासातून आला तो २०२४ मध्ये छापला गेला आणि त्यातल्या आकडेवारीवर शंका आल्यामुळे २०२५ मध्ये मागे घेतला गेला. जपानच्या २००९ च्या अभ्यासात १२ आठवड्यांत फरक होता एक ते दोन किलोंचा. सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी वजन जवळजवळ १५ टक्के उतरलं. व्हिनेगरला कुणी "नैसर्गिक ओझेम्पिक" (ओझेम्पिक म्हणजे सेमाग्लुटाइडचंच बाजारातलं नाव) म्हणत असेल त्याला हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवा.

साधा_माणूस:
माझी पुढच्या आठवड्यात एन्डोस्कोपी आहे. इंजेक्शनचं सांगायला हवं ना?

औषधवाली:
हो, आजच फोन करा. पोट उशिरा रिकामं होतं, भूल देताना आत अन्न असेल तर ते श्वासनलिकेत जायचा धोका असतो. शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ती तारीखही सांगा.

निळाई:
सगळ्यांचं वाचलं. काल डॉक्टरांना व्हिनेगरचं सांगितलं. त्यांनी फाइलमध्ये लिहून घेतलं आणि विचारलं, "आणखी काय काय घेता?" मी घरी येऊन कपाट उघडलं. फायबरची पावडर, बायोटिन, मल्टिव्हिटॅमिन, ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल. चार डब्यांचे फोटो काढून पाठवले. ग्रीन टीच्या कॅप्सूल त्यांनी थांबवायला सांगितल्या, यकृताला धोका नको म्हणून. ०.५ वर आणखी चार आठवडे राहायचं आहे, मग पुढचा डोस.